शनिवारचा वृत्तान्त आणि दहावीतली एक मुलगी

शनिवारी रात्री नऊच्या सुमारास तो संदेश येतो. सुरुवातीला ‘जय ख्रिस्त’, मग आठवडाभरात काय काय झालं ते, मग प्रार्थना-विनंत्या आणि शेवटी फोटो. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची मराठी ख्रिस्ती मंडळी (चर्च) आहे. तिने तरुणांच्या कामासाठी एक कार्यकर्ता नेमला आहे, हा संदेश त्याचा. वय तेवीस. बी.कॉम. झाल्यावर पुण्यात वर्षभराचा बायबल अभ्यासक्रम करून तो आपल्याच गावी परतला. तरुण संघातली पोरं त्याला दादा म्हणतात, मीही इथे तेच म्हणते.

गेल्या वर्षी जानेवारीत त्याच्या एका संदेशामुळे दहावीतल्या एका मुलीच्या घरातलं सगळं चव्हाट्यावर आलं. ते कसं घडलं, मंडळीने काय केलं आणि त्या साप्ताहिक वृत्तान्ताचं पुढे काय झालं, ते मांडते आहे. मी तेव्हा पास्टरेट कमिटीवर, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीवर होते आणि प्रकरण झाल्यावर त्याचे जुने संदेश वाचून काढायचं काम माझ्याकडे आलं. माणसांची आणि गावाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

संदेश कशासाठी होता

दादाचं मानधन महिन्याला बारा हजार ठरलं. त्यातले सहा हजार मंडळी देणार, उरलेले सहा हजार त्याने स्वतः उभे करायचे, असं नेमणुकीच्या वेळीच बोलणं झालं होतं. लहान मंडळ्यांत हे नवीन नाही. पाळकांच्या (पास्टरांच्या) पगाराची सोय कशीबशी होते, पण तरुणांच्या कामाला वेगळं खातंच नसतं. मग गावातून पिंपरी-चिंचवडला, मुंबईला, दुबई-मस्कतला गेलेली कुटुंबं दोनशे-पाचशे करत पाठवतात. आपल्या पैशाचं काय होतं हे त्यांना कळायला हवं, यात वावगं काहीच नाही. कोणी न सांगता दादाने व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्ट केली आणि दर शनिवारी लिहायला लागला.

सुरुवातीचे संदेश वाचताना मला फार आनंद झाला. त्यातला एक असा:

‘मंगळवारी कालव्याच्या रस्त्याला गाडी पंक्चर झाली. अभ्यासिकेला पोचायला आठ वाजले. तोवर पोरांनी कुलूप उघडून, सतरंज्या टाकून गणिताचा पेपर सोडवायला घेतला होता. मला फार बरं वाटलं. शनिवारी पेटी वाजवायला कोणी नव्हतं, टाळ्यांवर तीन गाणी बसवली. रविवारी उपासनेत त्यातलं एकच नीट झालं.’

तरुणांचं काम हे असंच असतं. एखादा मुलगा सहा महिने मागच्या बाकावर गप्प बसतो आणि एक दिवस खुर्च्या आवरायला थांबतो. एखादी मुलगी गाण्याला येते, प्रवचनाच्या वेळी निघून जाते, परत येते. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की काही घरं ऊसतोडीला जातात, काही पोरं कारखान्यावर हंगामी कामाला लागतात आणि पंचवीसची हजेरी अकरावर येते. मार्चपर्यंत तशीच राहते. अशा कामात दर शनिवारी सांगण्यासारखं काय घडणार? पण शनिवार तर दर आठवड्याला येतो.

संदेशांवर येणारी उत्तरंही मी पाहिली. पंक्चरच्या संदेशाला दोन-तीन अंगठे. सप्टेंबरमध्ये त्याने एका मुलाच्या आईच्या आजारपणाबद्दल लिहिलं, त्याला ओळीने उत्तरं आली: हात जोडलेले, ‘प्रार्थना करत आहोत’, ‘दादा, हजार पाठवलेत, त्या मुलासाठी वापरा’. पुढच्या आठवड्यात त्याने दुसऱ्या मुलाबद्दल लिहिलं. असं लिही म्हणून त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ज्या संदेशाला प्रतिसाद आला तसा पुढचा लिहिला गेला, इतकंच. ऑक्टोबरपासून दादा स्वतः त्या संदेशांतून हळूहळू नाहीसा झाला आणि मुलांची दुःखं पुढे आली. नाताळापर्यंत दर शनिवारी कुणा ना कुणाचं घर त्या यादीत असायचं.

जानेवारीचा संदेश

मुलगी अभ्यासिकेत नियमित यायची. एका शनिवारी सराव संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर तिने दादाला घरचं सांगितलं आणि म्हणाली, ‘कुणाला सांगू नका दादा, फक्त प्रार्थना करा.’

दोन आठवड्यांनी संदेशात आलं: ‘खास प्रार्थना करा. आमच्या तरुण संघातली’ – पुढे तिचं नाव – ‘यंदा दहावीला आहे. वडील कारखान्यावर आहेत, दारूचं व्यसन आहे. आईला मारतात. मध्ये पडली म्हणून हिलाही मारलं. अभ्यास होत नाही. प्रभूने या घराला स्पर्श करावा.’ खाली नाताळातल्या कॅरोलच्या रात्रीचा फोटो होता. पुढच्या रांगेत ती हसत उभी.

दादाच्या मते त्याने तिचा शब्द मोडला नव्हता. ती म्हणाली प्रार्थना करा, त्याने जास्तीत जास्त लोकांना प्रार्थना करायला सांगितलं. हा त्याचा एकट्याचा समज नव्हता. आमच्या मंडळ्यांत एरवी जी गोष्ट कोणी चारचौघांत काढणार नाही, ती प्रार्थना-विनंती म्हणून सहज काढली जाते. महिला मंडळाच्या बुधवारच्या सभेत, उपवास-प्रार्थनेत, घरगुती सभांत मी हे वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. कुणाची सून माहेरी गेली, कुणाच्या मुलाला नोकरीवरून काढलं, कुणाचं लग्न मोडायला आलं, सगळं डोळे मिटून सांगितलं जातं. सांगणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा कळकळच असते. पण ऐकणारी वीस माणसं घरी जाऊन काय बोलतात, ते कोण बघतं? तेवीस वर्षांचा मुलगा हे आमच्याकडूनच शिकला होता. फक्त त्याच्या हातात फोन होता आणि सभेला वीस माणसं असतात तिथे त्याच्या यादीत त्याच्या कितीतरी पट होती.

पिंपरीच्या एका काकूंनी तो संदेश तिथल्या प्रार्थनेच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपमधल्या एकीचं माहेर आमच्याच गावचं, तिने भावकीच्या ग्रुपवर पाठवला. बुधवारी कारखान्यावर पाळी बदलताना सोबतच्या कामगाराने मुलीच्या वडिलांना तो फोनवर दाखवला.

गुरुवारी मुलगी अभ्यासिकेला आली नाही. शुक्रवारी सकाळी तिची आई पाळकांच्या घरी आली, मागच्या दाराने.

पाळकसाहेब, दादा आणि कमिटीवरच्या एक निवृत्त परिचारिका (त्यांना सगळे सिस्टरबाई म्हणतात) त्या संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. दादाने हात जोडून माफी मागितली. वडील शुद्धीत होते. म्हणाले, ‘माझं जे चुकतंय ते मी बघीन. पण माझ्या घरातलं दुबईपर्यंत पोचवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?’

तो माणूस बायकोला मारत होता, मुलीला मारलं होतं आणि त्याचं मी काडीमात्र समर्थन करणार नाही. तरीही त्याचा प्रश्न खरा होता. आमच्यापैकी कुणाकडेही त्याचं उत्तर नव्हतं.

आधी काय व्हायला हवं होतं

या प्रकरणाची चर्चा करताना सगळे संदेशाबद्दल बोलतात. मला त्याहून मोठी वाटते ती आधीची गोष्ट. आपल्याला घरी मार बसतो हे एका अल्पवयीन मुलीने मंडळीच्या नेमलेल्या माणसाला सांगितलं, आणि पुढचे दोन आठवडे मंडळीकडून प्रार्थना आणि एक संदेश यापलीकडे काहीही झालं नाही. दादाने पाळकांना सांगितलं नाही. सिस्टरबाई चार घरं सोडून राहतात, त्यांना सांगितलं नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे, तो चोवीस तास आणि मोफत चालतो, हे त्याला माहीत नव्हतं. पुण्याच्या अभ्यासक्रमात शिकवलं नव्हतं आणि नेमणूक करताना आम्हीही विचारलं नव्हतं.

सिस्टरबाईंनी शनिवारी मुलीच्या आईला स्वतःच्या घरी बोलावलं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५चा कायदा आणि त्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी याबद्दल समजावून सांगितलं. आई अर्ज करायला तयार झाली नाही. तो तिचा निर्णय आहे म्हणून सिस्टरबाईंनी जबरदस्ती केली नाही. पण मुलीच्या बाबतीत त्या ठाम राहिल्या: ‘तुझं तू ठरव. लेकराचं मी ठरवणार.’ आईला शेजारी बसवून त्यांनी १०९८ला फोन केला. पुढे चौकशी झाली, आईच्या इच्छेने मुलगी परीक्षेपर्यंत मावशीकडे राहायला गेली आणि तिथून पेपरला येत राहिली. दहावी पास झाली. आता ती काय शिकते, कुठे शिकते, हे इथे लिहायची गरज नाही. तरुण संघात ती परत आली नाही.

लैंगिक अत्याचाराची गोष्ट असती, तर गप्प राहणं हाच गुन्हा ठरला असता. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९प्रमाणे अशी माहिती असणाऱ्या कुणालाही ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला द्यावीच लागते. मग तो पाळक असो, शिक्षक असो, नाहीतर तरुणांचा दादा. तरुणांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्या दिवशी माहीत असायला हवं.

जुन्या संदेशांत काय सापडलं

वाचता वाचता एक फोटो मला दुसऱ्या कारणाने खटकला. नोव्हेंबरमध्ये एक मुलगा गिटार शिकायला यायला लागला होता. घर मातंग, हिंदू. चर्चशी संबंध एवढाच की शेजारचा मित्र येतो म्हणून हाही येतो. दादाने त्याचा गिटारसह फोटो टाकून खाली लिहिलं होतं, ‘नवीन तरुण प्रभूकडे येत आहेत.’

लिहिताना त्याच्या मनात उत्साहाशिवाय दुसरं काही नव्हतं, याची मला खात्री आहे. पण विधान खोटं होतं, आणि त्या घराला महागात पडू शकलं असतं. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना मिळतो; त्यात १९५६मध्ये शिखांचा आणि १९९०मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती झालेल्यांना तो आजही नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात बाप्तिस्मा झालेल्या आणि चर्चला जाणाऱ्या महिलेला अनुसूचित जातीचं प्रमाणपत्र नाकारलं. हा भेद अन्यायाचा आहे असं मला वाटतं. रंगनाथ मिश्रा आयोगानेही २००७मध्ये तो काढून टाकण्याची शिफारस केली होती. पण कायदा आज असा आहे, आणि गिटार शिकायला आलेल्या मुलाच्या शिष्यवृत्तीवर, जात पडताळणीवर आमच्या एका ओळीने प्रश्नचिन्ह उभं राहत असेल, तर ती ओळ लिहिण्याचा आम्हाला काय हक्क? शिवाय आजच्या वातावरणात असा संदेश फिरत फिरत कुणाच्या हातात पडेल आणि त्याच्या दारात काय घेऊन येईल, ते सांगता येत नाही.

दादाला तो फोटो दाखवला, तेव्हा त्याचा चेहरा उतरला. त्या मुलाच्या वडिलांना भेटायला तो त्याच दिवशी गेला.

कमिटीत काय झालं

बैठक लांबली. खजिनदारांचं म्हणणं सरळ होतं: संदेश बंद, फोन बंद, हिशेब तीन महिन्यांनी नोटीस बोर्डावर. काहींना ते पटलं, कारण सोपं होतं. मला पटलं नाही. पैसे देणाऱ्यांना अंधारात ठेवून काम शुद्ध होत नाही. आणि तो संदेश म्हणजे एका तरुण माणसाला आपल्या कामाबद्दल बोलायची एकुलती एक जागा होती.

दुसऱ्या एका ज्येष्ठ सभासदांनी बायबल उघडलं. म्हणाले, प्रेषित पौलानेही मंडळ्यांना पत्रं लिहिली, त्यात नावं घेतली. फिलिप्पै इथल्या मंडळीला लिहिताना युवदीया आणि सुंतुखे यांचं पटत नाही हे उघड लिहिलं. मग आपल्या पोराने काय वेगळं केलं?

हा आक्षेप मनापासूनचा होता, म्हणून मीही ते पत्र घरी जाऊन परत वाचलं. त्या दोघी मोठ्या बाया होत्या, सुवार्तेच्या कामात पौलाच्या बरोबरीने झटलेल्या. पत्र गेलं ते त्यांच्याच मंडळीला, जिथे दोघींना सगळे ओळखत होते आणि त्यांना मदत करू शकत होते. पायऱ्यांवर बसून विश्वासाने बोललेल्या मुलीची गोष्ट तिला कधीही न भेटलेल्या माणसांपर्यंत पोचवण्याशी त्याचा काही मेळ बसत नाही. त्याच पत्रात पुढे जे आहे ते मला जास्त लागू वाटलं. फिलिप्पैच्या लोकांनी एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवली होती आणि पौल तिची पोच देतो आहे. त्यात तो कुणाचं लिहितो? स्वतःचं. कैदेतलं, भुकेचं आणि भरपूर असण्याचं, दोन्हीत कसं राहायचं ते शिकलो, याचं. पाठीराख्यांना लिहिलेलं ते पत्र आजही ताजं वाटतं.

बैठकीला दिशा दिली ती सिस्टरबाईंनी. त्यांचं बालपण मिशनच्या बोर्डिंगमध्ये गेलं. परदेशातल्या एका कुटुंबाने त्यांच्या शिक्षणाचा खर्च उचलला होता आणि वर्षातून एकदा त्या कुटुंबाला पत्र लिहावं लागे. त्या म्हणाल्या, ‘त्या लोकांनी मला शिकवलं, त्यांचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण पत्रात काय लिहायचं ते मेट्रन सांगायची. माझे वडील वारले ते दर वर्षी लिहायला लावायची. अकराव्या वर्षी वारले, तरी मॅट्रिकपर्यंत मी तेच लिहीत होते.’

त्यानंतर संदेश बंद करा असं कोणी म्हणालं नाही, आणि होता तसाच चालू द्या असंही नाही.

पाठीराख्यांना पत्र लिहिणं आमच्या मंडळ्यांच्या मुळातच आहे. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३मध्ये मुंबईला आली, १८३१मध्ये नगरला काम सुरू झालं, आणि पहिल्यापासून इथली पत्रं बॉस्टनला जात राहिली. तिकडच्या ‘मिशनरी हेरल्ड’ मासिकात छापली जात राहिली. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनातून ‘मुक्ती प्रेयर बेल’ हे नियतकालिक काढलं, तेही कामाची बातमी पाठीराख्यांपर्यंत पोचवायलाच. या कागदांचं मोल मोठं आहे. नगर भागातल्या पहिल्या ख्रिस्ती घराण्यांचा, त्यांनी सोसलेल्या बहिष्काराचा, गावोगावच्या शाळांचा इतिहास त्यातूनच कळतो. पण छप्पनच्या (संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००च्या) दुष्काळातल्या अनाथ मुलांचे हाडं दिसणारे फोटो परदेशी मासिकांत छापून मदत गोळा झाली, हेही खरं. त्या मदतीने मुलं जगली. फोटो छापू का, असं त्यांना कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. तेव्हा जीव वाचवण्याची घाई होती. आज अभ्यासिकेच्या पेट्रोलखर्चासाठी तसली घाई नाही.

कायदाही आता मुलांच्या बाजूने उभा आहे. २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ने काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा तपशील चौकशी, तपास किंवा न्यायालयीन प्रक्रियेच्या बातमीत, माध्यम कोणतंही असो, उघड करायला मनाई केली आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठराखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो.

नवा वृत्तान्त

नियम करायला कमिटीने तीन जण नेमले. पण सगळ्यात उपयोगी नियम दादाने स्वतः सुचवला: संदेश पाठवायच्या आधी तो शनिवारच्या सरावानंतर तरुण संघासमोर मोठ्याने वाचायचा. जे पोरांसमोर वाचता येत नाही ते पाठवायचं नाही.

पहिल्या वाचनाला मी मुद्दाम गेले होते. दादा वाचायला लागला, ‘गरीब घरांतली आमची मुलं...’ तेवढ्यात नववीतला एक मुलगा म्हणाला, ‘दादा, गरीब कशाला? आमच्या घरी चार म्हशी आहेत.’ सगळे हसले. मग एक मुलगी म्हणाली, ‘आमच्यासाठी प्रार्थना करा असं लिहिता, तर कशासाठी ते आम्हाला विचारा ना.’ तिने सांगितलं ते असं: तबल्याची पुडी फाटली आहे, ती बदलायला पैसे हवेत, आणि साडेसातच्या एसटीने बारावीच्या क्लासवरून येणाऱ्या मुलींना स्टँडवरून घरी सोडायला कुणीतरी मोठं माणूस पाहिजे. दोन्ही गोष्टी संदेशात गेल्या. पुडीचे पैसे मस्कतहून आले. स्टँडवर आता महिला मंडळाच्या दोघी आलटून पालटून जातात.

मुलांनी खासगीत सांगितलेलं दादा आता पाळकसाहेबांना किंवा सिस्टरबाईंना तोंडी सांगतो, आणि तसं सांगणार असल्याचं मुलांनाही आधीच सांगून ठेवतो. ‘कुणालाही सांगणार नाही’ असा शब्द तो आता कुणाला देत नाही, कारण काही गोष्टी सांगाव्याच लागतात. अठराखालच्या मुलांचा चेहरा दिसणारा फोटो पालकांच्या लेखी परवानगीशिवाय जात नाही. कोण ‘प्रभूकडे आलं’ हे लिहिलं जात नाही. खर्चाचा हिशेब महिन्याच्या शेवटच्या शनिवारी रुपयांनिशी दिला जातो.

एवढं सगळं काढून टाकल्यावर संदेशात उरलं काय? काही आठवडे खरंच काही उरलं नाही. तीन ओळी यायच्या, शाळेच्या सूचनेसारख्या. मग एका शनिवारी हा आला:

‘या आठवड्यात विशेष काही झालं नाही. बुधवारी अभ्यासिकेत पाचच जण होते. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून दोन दिवस मी नगरला होतो. दवाखान्यात बाकावर बसून खूप विचार केला. घरचे म्हणतात बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भर, बारा हजारांत लग्न कोण करून देईल. मला हे काम आवडतं. पण रविवारी सगळे घरी गेल्यावर कधी कधी फार एकटं वाटतं. पोरांना मी रोज विचारतो कसे आहात, मला विचारणारं कोणी नाही. माझ्यासाठी प्रार्थना करा.’

हा संदेश त्याने तरुण संघासमोर वाचला होता. वाचून झाल्यावर काय झालं ते मला त्याच्याकडूनच कळलं: पोरं काही बोलली नाहीत, पण त्या रविवारी चार जण त्याच्या घरी जेवायला गेले आणि भांडीही घासून आले.

मागचे सगळे संदेश एकाखाली एक ठेवल्यावर मला जे दिसलं ते असं. तरुण कार्यकर्त्याने नेहमी हसतमुख असावं, देणारा असावं, थकू नये, ही आमची अपेक्षा होती. त्याला स्वतःची अडचण लिहायची मुभाच नव्हती. दुःख लिहायचं तर ते दुसऱ्याचंच लिहावं लागत होतं, आणि हाताशी होती ती मुलं. पाठीराख्यांनी पैसे दिले होते ते त्या माणसाच्या कामाला. त्या माणसाचा आठवडा कसा गेला हे जाणून घ्यायचा त्यांचा हक्क मी मानते. मुलांच्या घरांवर त्यांचा हक्क नाही, कितीही पैसे दिले तरी.

अजून न सुटलेलं

‘डिलीट फॉर एव्हरीवन’ साधारण अडीच दिवसच चालतं. दादाला कळेपर्यंत ती मुदत संपली होती. त्याने यादीतल्या प्रत्येकाला फोन करून तो जानेवारीचा संदेश काढून टाकायला सांगितलं. बहुतेकांनी काढला. पुढे गेलेला कुणी काढला असेल तर माहीत नाही. कॅरोलचा तो फोटो उन्हाळ्यात कुणाच्या तरी स्टेटसवर पुन्हा दिसला.

पैशाचा प्रश्नही उभाच आहे. संदेश बदलल्यावर काही पाठीराखे हळूहळू थांबले. एकांनी स्पष्ट लिहिलं की आता कुणाला मदत होते तेच कळत नाही. दोन-तीन नवी कुटुंबं जोडली गेली, त्यात एकदा बोर्डिंगमध्ये राहिलेलं एक जोडपं आहे. त्यांनी काही न विचारता वर्षाचे पैसे भरले. तरी महिन्याचे सहा हजार पूर्ण जमत नाहीत.

मी कमिटीत मांडलं की मुळात ते निम्मं-निम्मं करणंच चूक होतं. पोटाचे निम्मे पैसे ज्या संदेशावर अवलंबून, तो संदेश आज ना उद्या पुन्हा वाकडा होणारच. हा दादा नाही तर पुढचा. मंडळीने पूर्ण मानधन द्यावं आणि बाहेरून येईल ते अभ्यासिकेला, वाद्यांना, शिबिराला जावं. ठराव एकमताने झाला नाही. यंदाच्या सुगीच्या सणाचं (सभासदांनी आणलेल्या वस्तूंच्या लिलावाचं) उत्पन्न मानधनाला द्यायचं, एवढ्यावर मात्र सगळे राजी झाले. लिलावात दोन कोंबड्या, एक पोतं बाजरी, बरीच वांगी आणि एक नारळ होता, तो नारळ दर वर्षीप्रमाणे चढत्या बोलीने चार वेळा विकला गेला. जमलं त्यातून वरचे सहा हजार पाच महिने देता येतील. त्यापुढचं मार्चच्या बैठकीत घ्यायचं आहे, आणि दादाने बँकेचा फॉर्मही भरला आहे.